पांडुरंग सांगवीकर ‘आजारी’ होता का? कादंबरीतील माणसे, मानसशास्त्राचे सिद्धांत आणि खानदेश

१/
समाजमाध्यमांवर एक खेळ सध्या जोरात आहे. एखाद्या कादंबरीतील किंवा मालिकेतील पात्र घ्यायचे आणि त्याला व्यक्तिमत्त्वाच्या सोळा प्रकारांपैकी एका खणात बसवायचे. कर्ण अमुक प्रकारचा, कृष्ण तमुक प्रकारचा. मराठी कादंबऱ्याही यातून सुटलेल्या नाहीत. ‘कोसला’चा नायक नैराश्यग्रस्त होता आणि ‘श्यामची आई’मधला श्याम आईच्या बाबतीत ‘अडकलेला’ होता, असे निदान बेधडक केले जाते. ही दोन्ही पुस्तके खानदेशाशी जोडलेली आहेत, म्हणून या धाग्यात त्यांच्याच आधाराने एक प्रश्न पाहू : मानसशास्त्राच्या सिद्धांतांनी कल्पित पात्रे समजतात का, आणि समजत असतील तर किती?

२/
हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने का हाताळावा? कारण कादंबरी हेही इतिहासाचे साधन आहे. ज्यांचे आयुष्य धुळ्यात संपले आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ याच शीर्षकाचा निबंध लिहिला होता. जुन्या कागदांचे बावीस खंड काढणाऱ्या माणसाला कादंबरीवर लिहावेसे वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मात्र साधन म्हटले की साधनचिकित्सा आली. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय आपण त्यावर विसंबत नाही. पात्राला सिद्धांत लावताना हीच शिस्त पाळावी लागते.

३/
सुरुवात फ्रॉइडपासून करू. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वप्नांवरील ग्रंथात त्याने हॅम्लेटचा विचार केला. हॅम्लेट सूड घ्यायला इतका उशीर का लावतो? फ्रॉइडचे उत्तर असे की, ज्या काकाने बापाला मारून आईशी लग्न केले, त्याने हॅम्लेटच्याच बालपणीच्या दडपलेल्या इच्छा पुऱ्या केल्या होत्या. मग हॅम्लेट त्याला कोणत्या तोंडाने शिक्षा करणार? फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने १९१० मध्ये यावर निबंध लिहिला आणि १९४९ मध्ये त्याचेच पुस्तक केले. कल्पित पात्राला मनोविश्लेषकाच्या खोलीत बसवण्याचा प्रघात तिथून रूढ झाला.

४/
यावर आक्षेपही लवकरच आला. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स या इंग्रज समीक्षकाने एका निबंधाला मुद्दाम खोचक शीर्षक दिले : लेडी मॅक्बेथला मुले किती होती? मुद्दा सरळ आहे. लेडी मॅक्बेथला नाटकाबाहेर आयुष्य नाही. जिवंत माणसाला आपण त्याच्या बालपणाबद्दल विचारू शकतो, पात्राला विचारू शकत नाही. लेखकाने जे लिहिले नाही ते घडलेच नाही. म्हणून पहिला नियम असा : पात्राचे जे बालपण पुस्तकात नाही, ते सिद्धांताच्या गरजेपोटी रचायचे नाही.

५/
आता ते सोळा खण कुठून आले ते पाहू. कार्ल युंगने १९२१ मध्ये ‘मानसिक प्रकार’ या विषयावर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आपल्या बोलण्यात रुळले ते याच विचारामुळे. त्यावरून अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी पुढे सोळा प्रकारांची चाचणी बनवली. गमतीची बाब अशी की, इझाबेल मायर्स स्वतः रहस्यकथाकार होती. पात्रांना ठसठशीत प्रकारांत पाहण्याची सवय कथालेखनात असतेच. त्यामुळे ही चाचणी कथेतल्या पात्रांना चटकन बसते यात नवल नाही. ती बसते म्हणून खरी, असे मात्र म्हणता येत नाही.

६/
विद्यापीठांतील मानसशास्त्राने वेगळी वाट धरली. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. माणसांमधले महत्त्वाचे फरक भाषेत शब्दरूपाने साठलेले असतात, हे त्यामागचे गृहीतक. याच वाटेने पुढे पाच घटकांचा सिद्धांत आला : नव्या अनुभवांची ओढ, कामातील नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. पण शब्दकोश इंग्रजी होता, हे ध्यानात ठेवावे. भिडस्त, मानी, सोशिक, तऱ्हेवाईक, आडमुठा हे आपले शब्द त्या पाच घटकांत जसेच्या तसे उतरत नाहीत. ‘भिडस्त’ माणूस अंतर्मुखच असतो असे नाही. त्याला फक्त समोरच्याला नाही म्हणवत नाही.

७/
आता ‘कोसला’कडे येऊ. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचा. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन आणि डेक्कन कॉलेजात. ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचविशीचा होता. नायक पांडुरंग सांगवीकर हाही पंचविशीत उभा राहून आपली हकिगत सांगतो. खेड्यातील सधन शेतकऱ्याचा मुलगा शिकायला पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, कॉलेजच्या उठाठेवींत रमतो, पैसे उधळतो, अभ्यासात मागे पडतो. वडिलांशी त्याचे पटत नाही. धाकटी बहीण मरते. शेवटी तो गावी परततो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांनी त्याची भाषा आजही ओळखली जाते.

८/
पाच घटकांची मोजपट्टी पांडुरंगला लावली तर काय हाती येते? नेटकेपणा कमी, भावनिक अस्थिरता जास्त, नव्या अनुभवांची ओढ भरपूर. हे वर्णन चूक नाही. पण त्यातून नवे काय कळले? कादंबरी वाचलेल्या कोणालाही हे आधीच ठाऊक होते. शिवाय या मोजपट्टीला काळ नाही. पांडुरंग १९६० च्या आसपास पुण्यात होता की १८६० मध्ये, याने तिच्या उत्तरात फरक पडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे समाधान नेमके इथेच होत नाही. तो असा ‘का’ आणि ‘तेव्हाच का’, हे आपले प्रश्न आहेत.

९/
इथे एरिक एरिक्सन उपयोगी पडतो. जन्म १९०२, जर्मनीत. जन्मदाता बाप कोण हे त्याला कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे आडनाव लावून तो वाढला आणि १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे नाव त्याने स्वतःच घेतले. तरुणपणी चित्रकार होण्याच्या ओढीने तो युरोपात भटकला होता. ‘मी कोण’ या पेचाला, म्हणजे ज्याला आज सर्वजण आयडेंटिटी क्रायसिस म्हणतात त्याला, मानसशास्त्रात स्थान मिळवून देणारा माणूस हाच. १९५० मधील ग्रंथात त्याने आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तारुण्याच्या टप्प्यावरचा मुख्य झगडा स्वतःची ओळख घडण्याचा, असे त्याचे म्हणणे.

१०/
त्याची आणखी एक कल्पना आपल्या कामाची आहे. समाज तरुणांना काही वर्षांची सवलत देतो. त्या काळात कायमचे काही ठरवायचे नसते. भूमिका घालून पाहाव्यात, नको वाटल्या तर उतरवून ठेवाव्यात. कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ मिळते, तशी ही मोठे होण्याला मिळालेली मुदतवाढ. १९६२ मध्ये तारुण्यावर लिहिलेल्या निबंधात एरिक्सनने हॅम्लेटलाही याच दृष्टीने पाहिले. फ्रॉइडच्या हॅम्लेटचा प्रश्न आई-बापाचा होता. एरिक्सनच्या हॅम्लेटचा प्रश्न असा की, खोट्याने भरलेल्या दरबारात तरुणाने निष्ठा कशावर ठेवायची? पात्र तेच, नाटक तेच. बदलला तो विचारणाऱ्याचा काळ.

११/
१९६२ आणि १९६३ ही वर्षे शेजारी ठेवून पाहा. एरिक्सनचा तो निबंध आणि ‘कोसला’ यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याचे वाचले होते असे सुचवायचे नाही, तशी गरजही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर कॉलेजात जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढली. घर सुटलेले आहे आणि संसार सुरू झालेला नाही, असा एक मधला काळ पूर्वी फार थोड्यांच्या वाट्याला येई, तो आता पुष्कळांच्या वाट्याला आला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाला तो टप्पा म्हणून दिसला आणि खानदेशातल्या कादंबरीकाराला पांडुरंग म्हणून.

१२/
खानदेशापुरते पाहिले तर हा बदल तारखांनिशी मांडता येतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपुरात भरले. १९४५ मध्ये अमळनेरला प्रताप कॉलेज निघाले, जळगावचे मूळजी जेठा कॉलेजही त्याच सुमाराचे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि खानदेशातील कॉलेजे त्याच्या कक्षेत आली. जळगावात स्वतंत्र विद्यापीठ यायला १९९० उजाडले. म्हणजे चाळीस वर्षे खानदेशातील पदवीवरचा शिक्का पुण्याचा होता. शेतकरी घरांतून कॉलेजात गेलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीची ही चौकट.

१३/
या चौकटीत पांडुरंगकडे पुन्हा पाहा. घरून पैसे येत आहेत, म्हणजे मुदतवाढ मिळाली आहे. पण ती देणाऱ्या बापाने असे काही कॉलेज पाहिलेले नाही आणि ती भोगणाऱ्या मुलाला पुण्याच्या रीतिभाती जन्मतः येत नाहीत. तो भूमिका घालून पाहतो, पण एकही अंगाला बसत नाही. बापाच्या लेखी ही उधळपट्टी, तर पुण्याच्या लेखी गावंढळपणा. याला ‘नैराश्य’ हे एकच नाव दिले, की दोष सगळा पांडुरंगच्या डोक्यात जमा होतो आणि बाप, वसतिगृह, विद्यापीठ, गाव हे सगळे मोकळे सुटतात. निदानाचा तोटा तो हा : ज्याची उत्तरे इतिहासाने द्यायची, ते प्रश्न औषधाच्या चिठ्ठीवर लिहिले जातात.

१४/
तरीही एरिक्सन शेवटपर्यंत साथ देत नाही. त्याच्या टप्प्यांत तरुण घर सोडतो, धंदा-व्यवसाय निवडतो आणि त्यातून त्याची ओळख पक्की होते. त्या हिशेबाने गावी परतणे म्हणजे नापास होणे. पण शेतीवर उभ्या असलेल्या एकत्र कुटुंबात परतण्याचा अर्थ एवढाच असतो का? कोसला म्हणजे कोष. अळी कोषात शिरते ती संपण्यासाठी की रूप पालटण्यासाठी, हे शीर्षकानेच उघडे ठेवले आहे. सिद्धांत जिथे ‘हार’ म्हणतो तिथे कादंबरी काहीच म्हणत नाही. असा बेबनाव दिसला की मी कादंबरीच्या बाजूने उभा राहतो, कारण तो समाज जवळून पाहिलेला साक्षीदार तीच आहे.

१५/
याला पुढचा पुरावाही आहे. १९७५ ते १९७९ या काळात नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्या आल्या. त्यांचा नायक चांगदेव पाटील कॉलेजात शिकवत गावोगाव बिऱ्हाड हलवतो. २०१० मध्ये ‘हिंदू’ आली. तिचा खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांत त्याला घराकडे यावे लागते. शिकलेला मुलगा आणि मागे राहिलेले घर हा एकच प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षे तीन नायकांकडून विचारला गेला. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी आणि पिढीचा अधिक आहे.

१६/
इथे एक सावधगिरी. सांगवी लेखकाचे गाव आणि सांगवीकर नायकाचे आडनाव. वयही जुळते. म्हणून पांडुरंग म्हणजेच नेमाडे, असे मानायचा मोह होतो. पण पांडुरंगला जे जमले नाही तेच लेखकाने केले आहे : त्या सगळ्या गोंधळाची नीट रचलेली कादंबरी लिहिली. पात्राच्या विस्कळीतपणावरून लेखकाचे मन मोजणे म्हणजे आरशावरचा डाग चेहऱ्यावरचा समजणे. दुसरा नियम असा : पात्र, निवेदक आणि लेखक ही तीन माणसे आहेत. सिद्धांत यांपैकी कोणाला लावतो आहोत, ते आधी सांगावे.

१७/
हा नियम सर्वाधिक मोडला जातो तो साने गुरुजींच्या बाबतीत. जन्म १८९९, कोकणातील पालगडचा. पण कर्मभूमी अमळनेर. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात ते आले, १९२४ पासून सहा वर्षे हायस्कुलात शिक्षक राहिले, छात्रालय सांभाळले, मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहिले. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारे साने गुरुजीच. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती.

१८/
म्हणजे श्याम हा लहान मुलगा नाही. बालपण आठवून सांगणारा तो मोठा माणूस आहे, आणि तो रात्रीमागून रात्र सोबत्यांना गोष्टी सांगतो. फ्रॉइडचा साचा इथे लावला तर ‘आईत अडकलेला मुलगा’ एवढेच निघते. पण हा साचा भारतात तसाच चालेल का, ही शंका भारतातल्याच एका मनोविश्लेषकाने तेव्हाच घेतली होती. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. भारतीय रुग्णांच्या मनातील आई-बापाचे चित्र युरोपाहून वेगळे दिसते, हे त्यांनी फ्रॉइडला पत्रांतून कळवले. आपल्याकडे तर पुरावा घरोघर आहे. ज्ञानेश्वर माउली आहेत, विठ्ठल विठाई आहे. पुरुषाने आई होणे ही वारकरी परंपरेत विकृती नाही, तो गौरव आहे.

१९/
एरिक्सननेही पुढे हेच पाहिले. १९१८ च्या अहमदाबाद गिरणी संपावरून त्याने १९६९ मध्ये गांधींवर ग्रंथ लिहिला आणि गांधींमधल्या आईपणाच्या ओढीची गांभीर्याने दखल घेतली. त्याच्या आठ टप्प्यांत प्रौढपणाचा झगडा हा पुढच्या पिढीला जोपासण्याचा आहे. त्यासाठी स्वतःची मुले असलीच पाहिजेत असे नाही. या नजरेने ‘श्यामची आई’ वेगळीच दिसू लागते. आई गमावलेल्या मुलाचा तो शोक आहेच. शिवाय छात्रालयातल्या मुलांची आई झालेल्या शिक्षकाने, ती मुले दुरावल्यावर तुरुंगात बसून लिहिलेले ते पुस्तक आहे. श्यामची आई समजून घ्यायला पालगड जितके लागते, तितकेच अमळनेरही लागते.

२०/
आता शेवटची सावधगिरी, आणि ती नाजूक आहे. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःहून जीवन संपवले. त्यानंतर अनेकांनी तो शेवट मागे नेऊन श्यामच्या प्रत्येक अश्रूत पाहिला. इतिहासात याला पश्चातबुद्धी म्हणतात. १९३३ मधील पुस्तकाला १९५० ठाऊक नव्हते. आणि ‘हळवा’ या एका शब्दात तो माणूस मावतही नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि ते मंदिर खुले झाले. रडणारा आणि न हटणारा हा माणूस एकच होता. ही दोन टोके कोणत्या खणात बसवणार?

२१/
मग सिद्धांत टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ते वापरण्याची रीत ठरवायची. पात्राला सिद्धांत लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पुस्तकात नसलेले काही मी गृहीत धरतो आहे का? मी पात्राबद्दल बोलतो आहे, निवेदकाबद्दल की लेखकाबद्दल? सिद्धांत कुठला, कधीचा, कोणत्या माणसांवरून बेतलेला? आणि तो जिथे बसत नाही, तिथे काय उरते? चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. पांडुरंगचे परतणे आणि श्यामचे आईपण आपल्या हाती लागले ते सिद्धांत तिथे तोकडा पडला म्हणून. तो लावून पाहिलाच नसता तर ते उरलेले दिसलेही नसते.

२२/
‘कोसला’त पांडुरंग आणि त्याचा मित्र भविष्यातले इतिहाससंशोधक होऊन आपल्याच काळाकडे पाहतात आणि मोठ्या थाटात भलतेच निष्कर्ष काढतात. आपली थट्टा त्याने साठ वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. आजही रावेर, शिरपूर, चोपडा, साक्री इथून मुले पुण्याच्या वसतिगृहांत येतात आणि मध्यरात्री मोबाइलवर ‘मी कोणत्या प्रकारचा’ ही चाचणी देतात. त्यातल्या कोणाला खरोखर त्रास होत असेल तर त्याने माणसांशी आणि डॉक्टरांशी जरूर बोलावे. पण आपल्या अस्वस्थतेला एक इतिहासही आहे आणि त्यात आपण एकटे नाही, हे त्याला चार अक्षरांच्या उत्तरातून कळणार नाही. पांडुरंगकडून कळू शकेल.

२३/
आता तुमची पाळी. तुमच्या वाचनातले एक मराठी पात्र निवडा, त्याला हे चार प्रश्न विचारा आणि शेवटी काय उरले ते खाली लिहा. खानदेशातले पात्र असेल तर उत्तमच.